उसाच्या इस्टेटीवरचे अठरा होल

बेल ओम्ब्रचा गोल्फ कोर्स सुंदर आहे, असं तिथे खेळून आलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं होतं. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला लगूनचं (प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ समुद्राचं) निळं-हिरवं पाणी, मधे ऐसपैस फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताचे पट्टे. हे सगळं खरं आहे. पण मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावरचा हा कोर्स साखरेच्या जुन्या इस्टेटीवर उभा आहे, आणि मॉरिशसच्या उसाशी आपल्या कोकणातल्या माणसांचा फार जुना, कष्टाचा संबंध आहे. तिथे खेळताना मला नुसतं ‘काय सुंदर’ म्हणून पुढच्या टीवर (जिथून होलचा पहिला फटका मारतात त्या जागी) जाता आलं नाही. तो राऊंड कसा झाला ते सविस्तर लिहिते. खेळायला जाणाऱ्यांना त्यातलं काही कामाला येईल, आणि गोल्फशी घेणंदेणं नसलेल्यांनाही त्या जमिनीबद्दल कळावं असं मला मनापासून वाटतं.

आधी व्यवहाराचं. बेल ओम्ब्रला आता दोन कोर्स आहेत. जुना ‘ल शातो’, दक्षिण आफ्रिकेच्या पीटर मॅटकोविच यांनी आखलेला, २००४ मध्ये सुरू झालेला. नवा ‘ला रिझर्व्ह’, मॅटकोविच आणि लुई उस्टहाउझन या दोघांनी मिळून केलेला, २०२३ मध्ये खुला झालेला. मी जुना निवडला. इस्टेटीच्या मालकाची हवेली, म्हणजे तो शातो, आजही त्याच परिसरात आहे आणि २०१५ सालची मॉरिशस ओपन इथेच झाली होती. युरोपियन, एशियन आणि सनशाइन अशा तीन टूरनी (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकांनी) मिळून मान्यता दिलेली ती स्पर्धा जॉर्ज कोट्झीने बरोबरीनंतरच्या प्लेऑफमध्ये जिंकली. ती टीव्हीवर पाहिल्यापासून हा कोर्स माझ्या मनात होता.

ईमेलवर बुकिंग झालं. त्यांनी हँडिकॅप, म्हणजे खेळाच्या दर्जाचा आकडा, विचारला आणि काठ्यांचा सेट भाड्याने हवा का विचारलं. विमानातून बॅग वाहून नेण्यापेक्षा सेट तिथेच घेणं मला सोयीचं वाटलं. फक्त पटर (चेंडू जमिनीवरून खड्ड्याकडे ढकलायची काठी), हातमोजा आणि बूट घरचे नेले. हा सल्ला मी कुणालाही देईन. भाड्याची आयर्न आणि हायब्रिड (बाकीच्या काठ्या) सरावाच्या रेंजवर अर्ध्या तासात हाताला बसतात, पण परका पटर अठरा होल संपेपर्यंत परकाच राहतो. ग्रीन फी, म्हणजे खेळण्याचं शुल्क, पुण्याच्या मानाने भरपूर आहे. सकाळी लवकरची वेळ मागून घ्यावी, कारण दुपारकडे वारा वाढत जातो.

सप्टेंबरचे दिवस होते. पुण्यात येरवड्याच्या कोर्सवर त्या दिवसांत बूट चिखलाने जड होतात. मॉरिशसमध्ये तेव्हा थंडी सरत आलेली असते, हवा कोरडी आणि स्वच्छ, आणि उसाची तोड जोरात चालू. जून ते डिसेंबर हा तिथला हंगाम. कोर्सकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता; काही फड उभे, काही नुकतेच तुटलेले. तुटलेल्या फडांमध्ये एक गोष्ट ठळक दिसते ती म्हणजे दगडांच्या राशी. काळ्या बसाल्टचे दगड, माणसाच्या उंचीपेक्षा वर रचलेले, रानाच्या मधोमध. ज्वालामुखीतून वर आलेलं हे बेट. नांगर लागावा म्हणून एकेक दगड हाताने उचलून बाजूला टाकावा लागला. पिढ्यान् पिढ्या हे काम चाललं, आधी गुलामांनी केलं, मग करारावर आणलेल्या मजुरांनी. टॅक्सी ड्रायव्हरला मी गाडी थोडी हळू घ्यायला सांगितली आणि त्या राशी नीट बघून घेतल्या. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तो दगड लगेच ओळखू येतो. तोच आपला काळा पाषाण.

कोर्सवर एकट्या आलेल्या खेळाडूला स्टार्टर कुणाबरोबर तरी जोडून देतो. मला एका सत्तरीकडे झुकलेल्या स्थानिक गृहस्थांबरोबर जोडलं. बँकेतून निवृत्त झालेले, एरवी मॉरिशसमधल्याच वाक्वाच्या जिमखान्यावर खेळणारे. हात मिळवून मी नाव सांगितलं, तशी त्यांनी इंग्रजी सोडून थेट विचारलं, “ताई, तुम्ही महाराष्ट्रातल्या?” मराठी थोडी पुस्तकी, शाळेत शिकलेली. मॉरिशसमध्ये शाळांतून मराठी शिकवली जाते, हे मला माहीत होतं. पण पहिल्या टीवर ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायची काठी, हातात असताना ती कानावर पडेल असं वाटलं नव्हतं. मी त्यांना काका म्हणायला सुरुवात केली आणि ते त्यांना आवडलं. गणेश चतुर्थी नुकतीच होऊन गेली होती. त्या सणाला मॉरिशसमध्ये सरकारी सुट्टी असते. घरचा गणपती समुद्रात विसर्जन करून, पाहुणे परत गेल्यावर, काका खेळायला आले होते.

आता खेळाकडे येते. इथे अंतरं मीटरमध्ये असतात. यार्डांत विचार करायची सवय असलेल्यांनी हे पहिल्या होलआधीच डोक्यात पक्कं करावं: १०० मीटर म्हणजे १०९ यार्ड, १५० मीटर म्हणजे १६४. साधारण एक क्लब (काठी) वरचा, म्हणजे जास्त लांब मारणारा, घ्यावा लागतो. रेंजवर मी प्रत्येक आयर्नचं अंतर मीटरमध्ये एका कागदावर लिहून स्कोअरकार्डाला लावलं आणि मग यार्डांचा विचारच केला नाही.

दुसरी गोष्ट वारा. इथे आग्नेयेकडून व्यापारी वारे वाहतात, आणि हा किनारा दक्षिणेचा असल्यामुळे ते समुद्रावरून आत येतात. समुद्राकडे तोंड करून मारताना वारा डावीकडून आणि समोरून. डोंगराकडे मारताना उजवीकडून आणि पाठीमागून. एवढं समजलं की होलमागून होल कोडं उलगडत जातं. डोंगराकडे जाणाऱ्या एका पार चारवर (चार फटक्यांत पुरा करायच्या होलवर) काकांनी मला ड्रायव्हर ठेवून तीन नंबरचं वुड घ्यायला लावलं. पाठीमागचा वारा चेंडू इतका लांब नेतो की फेअरवे जिथे वळतं तिथून तो सरळ झाडीत जातो. मी ऐकलं. चेंडू वळणाच्या अलीकडे उतरला, तिथून सात नंबरच्या आयर्नने ग्रीन (खड्ड्याभोवतीचं गुळगुळीत गवत), आणि दोन पट, म्हणजे पटरचे फटके. त्या दिवशीचा तो माझा पहिला पार.

तिसरी गोष्ट ग्रीन वाचणं. मागे डोंगर असला की डोळा फसतो. समोर चढ दिसतो आणि चेंडू मात्र उतरल्यासारखा पळतो. काकांचा नियम सोपा होता. शंका आली की समुद्र कुठल्या बाजूला आहे ते आठवायचं आणि चेंडू तिकडे वळणार असं धरून चालायचं. शिवाय आपण दक्षिण गोलार्धात आहोत, हेही ग्रीनवर कळतं. दुपारचा सूर्य उत्तरेला, म्हणजे डोंगराच्या बाजूला. सावल्या समुद्राकडे पडतात. आयुष्यभर उलट्या दिशेच्या सावल्यांमध्ये पट लावलेल्या माणसाला पहिले दोन-तीन होल काहीतरी वेगळं वाटत राहतं. काय वेगळं ते माझ्या उशिरा लक्षात आलं. पक्षी मात्र ओळखीचे निघाले. साळुंक्या फेअरवेवर निवांत फिरत होत्या, आणि तुरेवाला शिपाई बुलबुल झुडपात बोलत होता. हे दोन्ही माणसांनी बाहेरून आणून सोडलेले. खरं तर इथे बाहेरून न आलेलं फार थोडं आहे. ऊस डचांनी आणला, हरणंही डचांनीच जावाहून आणली. आणि माणसं तर सगळीच बाहेरून आलेली.

मैदानातून एक ओढा जातो. त्यावरून मारायच्या एका छोट्या पार तीनवर पुढचा गट ग्रीन सोडेपर्यंत आम्ही थांबलो होतो. पाण्यात तेच काळे दगड होते. तिथे काकांनी आपल्या पणजोबांचं सांगायला सुरुवात केली, आणि पुढचे पाच-सहा होल आम्ही खेळत आणि बोलत गेलो.

काकांचे पणजोबा १८६० च्या दशकात मुंबईहून जहाजाने आले. पाच वर्षांचा करार. पुरुषाला महिना ५ रुपये आणि शिधा. एक दिवस कामावर नाही आलं तर दोन दिवसांची मजुरी कापायची, हा इस्टेटींवरचा नेम. आजारी पडलं तरी तेच. ते बेल ओम्ब्रला नव्हते, नदी ओलांडून पश्चिमेकडच्या ब्लॅक रिव्हर भागातल्या एका इस्टेटीवर होते. “पण दगड तेच, ऊस तोच,” काका म्हणाले. “साहेब फक्त दुसरा.” १८३४ च्या २ नोव्हेंबरला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला उतरले, तिथून ही रांग सुरू झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती थांबेपर्यंत साडेचार लाखांहून अधिक माणसं आली होती. बहुतेक कलकत्त्याहून, बिहार आणि आसपासची, काही मद्रासहून, मुंबईहून आलेली त्या मानाने थोडी, आणि त्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ. पोर्ट लुईच्या ज्या आवारात त्यांना उतरवून घेत त्या आप्रवासी घाटाला २००६ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला.

आपल्या माणसांची गोष्ट सांगताना त्यांच्या आधीच्यांना विसरू नये, हेही काकांनीच बजावलं. बेल ओम्ब्रवर ऊस आधी लावला तो गुलामांनी. मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा बेटावर ६० हजारांहून अधिक गुलाम होते. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना, वीस लाख पौंडांहून अधिक. गुलामांना एक पैसाही नाही. इथून पश्चिमेला ल मॉर्नचा सुळका आहे. पळालेले गुलाम त्या कड्यांवर लपून राहायचे. गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपाई वर चढले, ते धरायला आले असं समजून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथली परंपरेने चालत आलेली कथा आहे. त्याच ओढ्याजवळ बसून काकांनी ती मला सांगितली. पुढे ग्रीन मोकळं झालं, त्यांनी आठ नंबरचं आयर्न घेतलं आणि चेंडू झेंड्यापासून हातभर अंतरावर टाकला. टाळ्या वाजवायच्या की नाही मला कळेना. त्यांनीच हसून क्लब वर केला, मग मी वाजवल्या.

अर्ध्या वाटेवर चहा आणि केळी घेतली. इथली केळी बोटभर, गोड. पण मला तिथे जळगावची आठवण झाली, आणि त्याला कारण आहे. ही इस्टेट १८१६ मध्ये चार्ल्स टेलफेअर नावाच्या आयरिश माणसाने भागीदारांबरोबर विकत घेतली. हा मोठा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याने १८२० च्या दशकात मॉरिशसहून चीनच्या बुटक्या जातीची केळी इंग्लंडला पाठवली. तिचा वंश पुढे डेव्हनशायरच्या ड्यूकच्या काचघरात पोचला, तिथे जोसेफ पॅक्स्टनने ती फुलवली आणि ड्यूकच्या आडनावावरून तिला कॅव्हेंडिश म्हणू लागले. आज जळगाव-रावेरच्या बागांमध्ये जी ग्रँड नैन उभी असते ती याच कॅव्हेंडिश गटातली. टेलफेअरचं नाव आता जवळच्या एका हॉटेलला आहे, आणि तिथल्या माहितीपत्रकांत तो झाडाफुलांवर प्रेम करणारा सुसंस्कृत माणूस म्हणून भेटतो. तो तसा होताच. पण तो शेकडो गुलामांचा मालकही होता. गुलामगिरीविरोधी मासिकाने बेल ओम्ब्रवरच्या हालांबद्दल लिहिलं तेव्हा त्याने १८३० मध्ये अख्खं पुस्तक लिहून स्वतःचा बचाव केला. मी गुलामांना चांगलं वागवतो, असं त्याचं म्हणणं. ज्याला सोडून जायची मोकळीक नाही त्याला कितीही चांगलं वागवलं म्हणून काय झालं? टेलफेअरची ही दुसरी बाजूही तिथे येणाऱ्या पाहुण्यांना तेवढ्याच ठळकपणे सांगायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. कोर्सच्या नकाशावर प्रत्येक बंकरची (वाळूच्या खड्ड्याची) नोंद असते. या माणसांची का नसावी?

उसाच्या जागी गोल्फ का आलं, हेही समजून घेण्यासारखं आहे. बेल ओम्ब्रचा साखर कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. बेटावर एके काळी गावोगाव कारखाने होते, ते एकमेकांत मिसळत आज फक्त तीन उरलेत. मॉरिशसची साखर युरोपला ठरलेल्या चढ्या भावाने जात असे. १९७५ पासूनचा तो करार होता. युरोपने २००६ पासून साखरेचा भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी खाली आणला आणि २००९ मध्ये तो करारच संपला. इस्टेटींच्या मालकांना हे येताना दिसत होतं. समुद्रालगतच्या जमिनीवर हॉटेलं, बंगले आणि गोल्फ आलं ते त्यातून. वरच्या बाजूला जंगल राखलेलं आहे. मॅकाबी-बेल ओम्ब्र हे राखीव जीवावरण क्षेत्र युनेस्कोने १९७७ मध्येच जाहीर केलं होतं. काकांचा मुलगा एका हॉटेलात आहे. “माझ्या आजोबांच्या हातात कोयता होता, मी बँकेत गेलो, तो हॉटेलात,” ते म्हणाले. त्यात कडवटपणा नव्हता. जमीन अजून त्याच थोड्या घराण्यांच्या आणि कंपन्यांच्या हातात आहे, हे त्यांनी पुढच्याच वाक्यात सांगितलं, तेव्हा मात्र होता.

उत्तरार्धातले काही होल डोंगराच्या अंगाने वर चढतात, आणि तिथून खाली पाहिलं की कोर्सची आखणी समजते. फेअरवे रुंद आहेत, त्यामुळे टीवर भीती वाटत नाही. खरी कसोटी ग्रीनच्या जवळ लागते. बंकर अशा जागी आहेत की चुकीच्या बाजूने आलात तर झेंडा दिसतो पण गाठता येत नाही. म्हणून इथे प्रत्येक होल ग्रीनकडून मागे विचार करत खेळावा: झेंडा उजवीकडे तर डावीकडून यायचं, मग टीवरून चेंडू डावीकडे. हे जमायला लागलं आणि राऊंडला लय आली. उंचावरच्या एका टीवर आम्ही बग्गी थांबवली. खाली लगून, त्यापलीकडे प्रवाळाच्या कड्यावर फुटणारी लाटांची पांढरी रेघ, अलीकडे शातोचं छप्पर. डोंगराच्या बाजूला उतारावर ऊस. वाऱ्याने उसाची पाती हलत होती आणि तो आवाज तिथपर्यंत येत होता.

त्या टीवरून मी त्या दिवसातला सर्वांत चांगला ड्राइव्ह मारला. वारा डावीकडून समोर होता. चेंडू मुद्दाम डाव्या कडेला धरला, वाऱ्याने तो मधे आणला. काका म्हणाले, “बास! आता पुढे बोलू नका, मारत राहा.” पार पाचवर तिसऱ्या फटक्यात ग्रीन, आणि समुद्राकडे वळणारा लांब पट. नियम पाळला, हातभर वर लावला. बर्डी, म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी. या मैदानावर खेळण्याचा आनंद मला झाला, पुरेपूर झाला. ज्यांच्या श्रमातून ही जमीन उभी राहिली त्यांची आठवण ठेवली म्हणून तो कमी झाला नाही. उलट बग्गी काकांवर सोपवून शेवटचे होल मी चालत खेळले. ही फेअरवे पायांनी चालायची आहे, असं मला वाटलं, आणि काकांनी काही न विचारता माझी पटर-वेज बग्गीतून पुढे आणून दिली.

राऊंड संपल्यावर आम्ही क्लबहाउसमध्ये जेवलो. तिथे काकांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये करारी मजुरांची कागदपत्रं जपलेली आहेत. पूर्वजांचा नंबर किंवा जहाज माहीत असेल तर नोंद मिळू शकते. काकांनी ती काढली होती. नंबर, नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जहाज, इस्टेट. आणि जिल्हा, परगणा, गाव. जिल्हा रत्नागिरी, इंग्रज कारकुनाच्या स्पेलिंगमध्ये. गावाचं नाव मात्र त्याने कानाला लागलं तसं लिहिलेलं. मी वाचलं आणि मला ते आडिवरे वाटलं. राजापूर तालुक्यातलं, महाकालीचं. पुन्हा वाचलं तर आडवलीही असू शकेल. काका दोनदा भारतात येऊन गेलेत, पण पुणे, पंढरपूर आणि शिर्डी करून परत गेले. कोकणात कुठे जायचं तेच त्यांना ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर मी आडिवऱ्याच्या एका ओळखीच्या गुरुजींशी बोलले. काकांच्या घरात आडनाव राहिलेलं नाही. पणजोबांचं पहिलं नाव तेच आज त्यांचं आडनाव आहे. त्यामुळे भाऊबंदांच्या नावावरून शोधायचा मार्ग बंद. पण कुलदेवी महाकाली, असं त्यांच्या आजीने सांगून ठेवलंय. परगण्याचा रकाना त्या फोटोत कापला गेला होता. तेवढा भाग पुन्हा काढून पाठवा, असं मी काकांना कळवलंय. तो आला की गुरुजी आधी राजापूरच्या बाजूने विचारपूस सुरू करणार आहेत.